विक्रीचे ईमेल किती मोठे असावे?

माल उत्तम पिकविणे आणि तो योग्य भावाने विकणे ही दोन निरनिराळी कामे होत. यांपैकी दुसरे काम शेतकऱ्याने आजवर बहुतांशी इतरांवर सोपविले होते. ही स्थिती आता हळूहळू पालटत आहे. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि २०२० साली केंद्र सरकारने अशा दहा हजार संस्था उभ्या करण्याची योजना हाती घेतली. कोकणातील हापूस, सांगलीचा बेदाणा व हळद, कोल्हापूरचा गूळ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ असा नावाजलेला माल कित्येक गट अडत्याच्या हाती न देता थेट शहरातील घरोघरी पाठवू लागले आहेत.

अशा विक्रीत ग्राहकांची यादी ही सर्वांत मोलाची ठेव असते. ती बियाण्याच्या कणगीप्रमाणे जपावी लागते. एका हंगामात माल घेऊन गेलेला ग्राहक पुढील हंगामात परत यावा, यासाठी त्यास वेळेवर वर्दी द्यावी लागते. जवळच्या व ओळखीच्या ग्राहकास व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा दूरध्वनीवर कळविता येते. परंतु दिवाळीत कर्मचाऱ्यांना बेदाण्याच्या पेट्या वाटणारी कंपनी, गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस, हॉटेलचा खरेदी अधिकारी, आखाती देशांत नोकरीस असलेले कुटुंब, यांचा व्यवहार आजही पुष्कळसा ईमेलने चालतो. ईमेल पाठविण्यास खर्च अल्प येतो, आणि पाठविलेल्याची लेखी नोंद राहते. यास्तव अनेक उत्पादक संस्था हंगामाच्या आरंभी आपल्या सर्व ग्राहकांना एकच विक्रीपत्र ईमेलने धाडतात.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. पत्र पाठविले जाते व ते पोहोचतेही, पण ग्राहकास ते पुरते दिसत नाही. पत्राचा शेवटचा भाग कापला जातो, आणि नेमका त्याच भागात भाव, मागणी नोंदविण्याची लिंक व संस्थेचा पत्ता असतो.

पत्र कापले जाते ते कसे

जगात सर्वांत अधिक वापरल्या जाणाऱ्या ईमेल सेवांपैकी जीमेल ही एक असून आपल्याकडील बहुसंख्य खासगी पत्ते तिच्याच आहेत. एखाद्या पत्राच्या लिखाणाचे वजन सुमारे १०२ किलोबाइटच्या वर गेले, तर जीमेल ते सबंध दाखवीत नाही. तेवढा भाग दाखवून पुढील भाग झाकला जातो आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘मेसेज क्लिप्ड’ असे इंग्रजी शब्द व सबंध पत्र उघडण्याची एक लिंक दिसते. जिज्ञासू वाचक ती लिंक दाबतो. परंतु कामाच्या गर्दीत भ्रमणध्वनीवर पत्र चाळणाऱ्या ग्राहकास पत्र तेथेच संपले असे वाटते.

ही मर्यादा साठवणुकीची नव्हे, हे आधी समजून घ्यावे. जीमेलवर पंचवीस मेगाबाइटपर्यंतची जोडपत्रे पाठविता येतात, म्हणजे तिच्या पेटीत जागेचा तोटा नाही. १०२ किलोबाइटची मर्यादा केवळ पत्राच्या दर्शनी लिखाणास लागू आहे. सामूहिक पत्रे पाठविण्याचा व्यवसाय करणाऱ्या बहुतेक मोठ्या सेवा आपल्या गिऱ्हाइकांना हाच आकडा सांगतात आणि त्याच्या पुष्कळ आत राहण्याचा सल्ला देतात.

लिखाण म्हणजे केवळ वाचावयाचा मजकूर नव्हे. रंगीत, चौकटीचे, चित्रांचे पत्र एचटीएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेले असते. तीत मजकुराबरोबरच तो कसा दिसावा याच्या सूचना असतात : अक्षर किती मोठे, रंग कोणता, चौकट किती रुंद, चित्र कोठून आणावयाचे. या सूचना वाचकास दिसत नाहीत, पण वजनात धरल्या जातात. आंब्याच्या पेटीत फळांबरोबर पेंढाही असतो आणि वाहतूकदार भाडे घेतो ते सबंध पेटीचे. तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की पेटीतील पेंढा डोळ्यांना दिसतो, पत्रातील दिसत नाही.

मराठी मजकुराचे वजन

संगणकातील वजनाचे लहान माप म्हणजे बाइट. १,०२४ बाइट मिळून एक किलोबाइट होतो. म्हणजे १०२ किलोबाइटचे १,०४,४४८ बाइट झाले. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरी चिन्हास मात्र, आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत, तीन बाइट लागतात. आणि येथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलंत ही प्रत्येक स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘हापूस’ हा शब्द ह, काना, प, दीर्घ उकार व स अशा पाच चिन्हांचा, म्हणून पंधरा बाइटांचा होतो. तोच रोमन लिपीत पाच बाइटांत बसतो. ‘क्ष’ हे एकटे अक्षर तीन चिन्हांचे असल्यामुळे नऊ बाइट घेते.

हे वाचून मराठी पत्र लिहिणेच महाग पडते असा ग्रह कोणी करून घेऊ नये. मराठी शब्दात सरासरीने सहा चिन्हे धरली, तर शब्दामागील मोकळ्या जागेसह एका शब्दास एकोणीस बाइट लागतील. पाचशे शब्दांच्या पत्रास ९,५०० बाइट पुरे. म्हणजे मर्यादेचा दहावा हिस्साही भरत नाही. ग्राहकास त्याच्या भाषेत लिहिण्याचा लाभ या वजनापेक्षा कितीतरी मोठा आहे. मात्र पत्र तयार करणारी काही साधने देवनागरी चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक खुणांसह लिहितात, तेव्हा एकेका चिन्हास सात बाइट पडतात आणि मजकुराचे वजन दुपटीहून अधिक होते. आपले साधन तसे करीत असेल, तर ते बदलून घेणे बरे.

दोष बहुधा मजकुराचा नसतो, तो साजाचा असतो. हा साज कोठून येतो ते पाहण्यासारखे आहे.

पुष्कळ ठिकाणी पत्राचा मजकूर प्रथम वर्डसारख्या साधनात लिहिला जातो आणि तेथून उचलून ईमेलच्या साच्यात चिकटविला जातो. अशा वेळी मजकुराबरोबर त्या साधनाच्या अदृश्य सूचनाही येतात. प्रत्येक परिच्छेदास, कधी प्रत्येक शब्दास, अक्षराचे नाव, आकार व रंग पुन्हा पुन्हा लिहिला जातो. दिसावयास परिच्छेद तीन ओळींचा आणि वजनाने मजकुराच्या चौपट, असे घडते. यावर उपाय सोपा आहे. मजकूर चिकटविताना ‘केवळ मजकूर’ घेण्याची सोय जवळपास प्रत्येक साधनात असते, ती वापरावी. अथवा मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून तेथून उचलावा.

दुसरा भार तयार साच्यांचा. आकर्षक दिसावा म्हणून साच्यात चौकटीत चौकट, तीत पुन्हा चौकट अशी रचना असते. काही साच्यांत तर तोच मजकूर दोनदा असतो, एकदा संगणकासाठी आणि एकदा भ्रमणध्वनीसाठी; वाचकास एकच दिसतो, वजन मात्र दोहोंचे पडते. मागील वर्षीच्या पत्रातील काही भाग पुसून त्याच साच्यात नवे पत्र बसविण्याची चाल सर्वत्र आहे, आणि त्यामुळे जुन्या सूचनांचा गाळ दरवर्षी साचत जातो.

तिसरा भार लिंकांचा आहे. सामूहिक पत्रे पाठविणारी सेवा पत्रातील प्रत्येक लिंक बदलून तिच्या जागी स्वतःची लांबलचक लिंक घालते, कारण कोणत्या ग्राहकाने कोणती लिंक दाबली याची तिला मोजणी ठेवावयाची असते. ही अदलाबदल पत्र पाठविताना होते. म्हणून तयार करताना मोजलेले वजन आणि ग्राहकाकडे पोहोचलेले वजन एक नसते. काठोकाठ मोजून पाठविलेले पत्र वाटेत जड होते. यासाठीच मर्यादा १०२ ची असली, तरी पत्र ८० किलोबाइटच्या आत ठेवण्याचा परिपाठ असावा.

एका पत्राचा हिशेब

उदाहरणादाखल, आंबा उत्पादकांच्या एखाद्या गटाने एप्रिलच्या आरंभी काढलेले पत्र घेऊ. हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळास आहे. ही हकीकत, बागेचा इतिहास, सेंद्रिय खताची माहिती, फळ पिकविण्याच्या सूचना आणि शेवटी भाव, असा सातशे शब्दांचा मजकूर असेल, तर त्याचे १३,३०० बाइट झाले. साच्याचे साठ हजार धरू. चिकटवून आलेल्या सूचना साठ ठिकाणी आणि प्रत्येकी साडेचारशे बाइटांच्या, म्हणजे सत्तावीस हजार. चाळीस लिंका, प्रत्येकी तीनशे बाइटांच्या, म्हणजे बारा हजार. एकूण १,१२,३०० बाइट. मर्यादेहून हे पत्र ७,८५२ बाइटांनी जड भरले, आणि शेवटचा सुमारे तेवढाच भाग ग्राहकाच्या नजरेआड गेला. भाव, मागणीची लिंक, दूरध्वनी क्रमांक आणि यादीतून नाव कमी करण्याची सोय ही सर्व त्याच भागात होती. ग्राहकाने बागेचा इतिहास मात्र संपूर्ण वाचला.

हापूसच्या व्यापारात अशा चुकीची किंमत मोठी आहे. झाडावरून उतरविलेले फळ आठ-दहा दिवसांत पिकू लागते. आढीत घातलेला आंबा कोणाची वाट पाहत नाही. पत्र गेले आणि चार दिवस मागणी आली नाही, तर उत्पादकास वाटते की यंदा ग्राहक नाही. मग तो उरलेला माल घाईने बाजार समितीकडे पाठवितो व तेथे मिळेल तो भाव पदरात घेतो. वस्तुतः ग्राहक होता, त्याची इच्छाही होती, पण मागणी कोठे नोंदवावी हे त्यास दिसले नव्हते.

आता तेच पत्र हलके करून पाहू. मजकूर तीनशे शब्दांवर आणला, म्हणजे ५,७०० बाइट. इतिहास व निर्देशांकाची माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवून पत्रात तिची एक लिंक दिली. एकाच स्तंभाचा साधा साचा घेतला, त्याचे अठरा हजार बाइट. लिंका चाळीसवरून आठ केल्या, त्यांचे २,४०० बाइट. चिकटवून आलेल्या सूचना काढून टाकल्या. एकूण २६,१०० बाइट, म्हणजे मर्यादेचा चौथा हिस्सा. ग्राहकाच्या उपयोगाची एकही गोष्ट यात कमी झालेली नाही.

हलके पत्र केले तरी क्रमाकडे लक्ष द्यावे. मालाचे नाव, प्रत किंवा वजन, पेटीचा भाव, पाठवणीची तारीख आणि मागणी नोंदविण्याची लिंक या गोष्टी पहिल्या काही ओळींतच याव्यात. आपल्याकडे पत्राचा आरंभ क्षेमकुशल व प्रस्तावनेने करण्याची रीत आहे व ती सुंदर आहे. परंतु विक्रीपत्रात ती एका वाक्यात आटोपावी. महत्त्वाचे ते वर असले, म्हणजे एखादे वेळी शेपूट कापले गेले तरी धंद्याचे नुकसान होत नाही.

छायाचित्रांविषयी

पत्रात दिसणाऱ्या चित्रांचे वजन १०२ किलोबाइटांत धरले जात नाही, कारण चित्र पत्रात नसते. पत्रात फक्त त्याचा पत्ता असतो आणि पत्र उघडताना ते दूरच्या संगणकावरून आणले जाते. हे कळल्यावर काही मंडळी युक्ती करतात. छापखान्यातून सुंदर पत्रक तयार करून घेतात आणि सबंध पत्राऐवजी त्या पत्रकाचे एकच मोठे चित्र धाडतात. असे पत्र कापले जात नाही हे खरे. पण कार्यालयांतून वापरले जाणारे आउटलुकसारखे साधन अनोळखी पत्त्यावरून आलेली चित्रे आपण होऊन उतरवून घेत नाही, आणि मग ग्राहकापुढे कोरी चौकट राहते. डोळ्यांनी अधू असलेल्या व्यक्तीस यंत्राकडून पत्र वाचून घ्यावे लागते. त्या यंत्रास चित्रातील अक्षरे बहुधा वाचता येत नाहीत. शिवाय चित्रातील दूरध्वनी क्रमांक बोट लावून जोडता येत नाही. भाव, तारीख व क्रमांक अक्षरांतच लिहावेत, चित्राने केवळ माल दाखवावा, आणि प्रत्येक चित्राच्या मागे त्याचे दोन-चार शब्दांचे वर्णन भरावे. चित्र आले नाही तर तेथे ते वर्णन दिसते.

भ्रमणध्वनीने काढलेले छायाचित्र सहज तीन-चार मेगाबाइटांचे असते. अशी पाच चित्रे पत्रात असली, तर कमकुवत जोडणी असलेल्या ग्राहकापुढे ती रेंगाळत उतरतात. चित्र लहान करून, शक्यतो दोनशे किलोबाइटांच्या आत आणून मग चढवावे. पत्राच्या रुंदीस सहाशे बिंदूंच्या आसपासचे चित्र पुरेसे असते; सुस्पष्टतेसाठी फार तर त्याच्या दुप्पट.

काही साधने चित्रच अक्षरांच्या रूपात पत्राच्या लिखाणात कोंबतात. हे सर्वांत घातक. चित्राचे सारे वजन लिखाणात मोडते आणि मर्यादा एका फटक्यात ओलांडली जाते. त्यातून जीमेल असे चित्र दाखवीतही नाही.

भावपत्रक जोडून पाठविणे ही वेगळी गोष्ट आहे. ईमेलची मूळ रचना साध्या इंग्रजी अक्षरांसाठी झाली. रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविले तेव्हा चित्राचा प्रश्न नव्हता. चित्रे, ध्वनी व इतर भाषा ईमेलमधून धाडण्याची सर्वमान्य पद्धती १९९२ साली ठरली. ती आजही अशी की जोडलेल्या वस्तूचे प्रत्येक तीन बाइट चार साध्या अक्षरांत बदलून पाठविले जातात. त्यामुळे जोडपत्र वाटेत एक-तृतीयांशाने फुगते. अठरा मेगाबाइटांचे चोवीस होतात. पंचवीसच्या मर्यादेत पंचवीसचे जोडपत्र बसत नाही ते यामुळे. शेकडो ग्राहकांना पाठवावयाच्या पत्रास जोडपत्र लावूच नये. भावपत्रक संकेतस्थळावर ठेवून त्याची लिंक देणे चांगले.

पत्र उघडण्यापूर्वी जे दिसते

ग्राहकाच्या पेटीत पत्रांची रांग असते. त्या रांगेत पाठविणाऱ्याचे नाव, विषय आणि पत्राचे पहिले काही शब्द एवढेच दिसते. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर विषयाची तीस ते चाळीस अक्षरे जेमतेम मावतात. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांस यंदाच्या आंबा हंगामानिमित्त सप्रेम निवेदन’ या विषयातील ‘आंबा’ हा शब्द येईतो जागा संपते. ‘हापूस तयार, पाठवणी १२ एप्रिलपासून’ एवढे लिहिले तर सारे काही आले. पत्राच्या पहिल्या ओळीत ‘हे पत्र नीट दिसत नसल्यास येथे दाबा’ असे छापण्याची कित्येक साच्यांची खोड आहे. रांगेत विषयाशेजारी मग तेच वाक्य दिसते आणि मोलाची जागा वाया जाते. ती ओळ खाली न्यावी.

जीमेलने २०१३ साली पेटीचे भाग पाडले व विक्रीच्या पत्रांसाठी ‘प्रमोशन्स’ नावाचा निराळा कप्पा केला. आपले पत्र त्या कप्प्यात गेले म्हणून काही संस्था हिरमुसतात व वजन कमी करून ते मुख्य कप्प्यात येईल अशी आशा करतात. ही समजूत बरोबर नाही. पत्र जड असल्याने तेथे जाते असे नाही; विक्रीचे पत्र विक्रीच्या कप्प्यात जाणे स्वाभाविक आहे आणि खरेदीच्या विचारात असलेला ग्राहक तेथे पाहतो. टाळावयाचे ते स्पॅममध्ये जाणे.

यादीतून नाव काढून घेण्याची सोय

या सोयीचा पत्राच्या वजनाशी जो संबंध आहे तो महत्त्वाचा असून त्याकडे फार दुर्लक्ष होते. एखाद्या ग्राहकास पत्रे नको झाली, म्हणजे तो तळाशी असलेली नाव कमी करण्याची लिंक शोधतो. पत्र कापले गेले असले तर ती त्यास सापडत नाही. मग तो हाताशी असलेली दुसरी कळ दाबतो, ती स्पॅमची. त्याचा राग फार मोठा नसतो. पण ईमेल सेवेच्या दृष्टीने ती तक्रार असते.

गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून सामूहिक पत्रांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांनी विक्रीपत्रात एका दाबात नाव कमी करण्याची सोय दिलीच पाहिजे. तक्रारींचे प्रमाण हजारी तीनपर्यंत जाऊ देऊ नये ही अपेक्षा मात्र लहान-मोठ्या सर्व पाठविणाऱ्यांकडून आहे. उत्पादक गटाची यादी सहाशेची असेल, तर ढोबळ हिशेबाने दोन तक्रारींतच हे प्रमाण ओलांडले जाते. त्यानंतर उरलेल्या ५९८ ग्राहकांकडे जाणारी पत्रेही स्पॅममध्ये पडू लागण्याचा धोका असतो, आणि ज्यांना आंबा हवा आहे त्यांनाही वर्दी मिळत नाही. वर्षानुवर्षे जमविलेली यादी अशी निकामी होऊ शकते.

यावर दोन उपाय एकत्र योजावेत. पत्र हलके ठेवावे, म्हणजे तळाची लिंक दिसेल. आणि पत्र पाठविणाऱ्या सेवेस सांगून पत्राच्या अदृश्य शीर्षभागात नाव कमी करण्याची सूचना घालून घ्यावी. अशी सूचना असल्यास जीमेल पाठविणाऱ्याच्या नावाजवळच ती सोय दाखवू शकते, आणि पत्र तळाशी कापले गेले तरी ती शाबूत राहते. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे की संमती जितक्या सहजतेने दिली, तितक्याच सहजतेने ती मागे घेता यावी. नाव काढणाऱ्या ग्राहकास रोखण्यात फायदा नाही; त्याची जागा माल घेणारा दुसरा घेईल.

जाता जाता मोजणीविषयी. पत्र किती जणांनी उघडले हे सेवा आकड्यांत दाखविते. त्यासाठी पत्रात, बहुधा तळाशी, डोळ्यांस न दिसणारे एक इवलेसे चित्र असते. ते उतरले की पत्र उघडले असे धरतात. पत्र कापले गेले तर ते चित्र उतरत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. उलट अ‍ॅपलने २०२१ साली आणलेल्या व्यवस्थेत ग्राहकाने पत्र न उघडताही ते चित्र उतरू शकते व आकडा खोटा वाढतो. म्हणून पत्राचा उपयोग झाला की नाही हे आलेल्या मागण्या मोजून ठरवावे.

परीक्षा कशी घ्यावी

बियाण्याची उगवणशक्ती पेरणीपूर्वी तपासतात, तसे पत्र यादीला जाण्यापूर्वी चार-पाच घरच्या पत्त्यांवर पाठवून पाहावे. यांतील एक पत्ता जीमेलचा असावा व तो भ्रमणध्वनीवर आणि संगणकावर, दोन्हीकडे उघडावा. दुसरा शक्यतो आउटलुक वापरणाऱ्या एखाद्या कार्यालयातील परिचिताचा असावा. पत्र शेवटच्या ओळीपर्यंत सरकवीत न्यावे. संस्थेचा पत्ता व नाव कमी करण्याची लिंक दिसली, म्हणजे पत्र सबंध पोहोचले. सेवेच्या पडद्यावरील नमुना पाहून समाधान मानू नये. लिंकांची अदलाबदल झाल्यावरचे, प्रत्यक्ष पोहोचलेले पत्रच पाहिले पाहिजे.

चाचणी दुसऱ्यांदा घेताना विषयात थोडा बदल करावा. एकाच विषयाची पत्रे जीमेल एका साखळीत ओवते आणि मग कोणते पत्र कापले गेले व कोणते नाही याचा घोटाळा होतो.

वजन प्रत्यक्ष पाहावयाचे झाल्यास संगणकावर जीमेलमध्ये पत्र उघडून उजवीकडील तीन ठिपक्यांच्या यादीतून मूळ संदेश पाहण्याची सोय निवडावी. तेथून पत्र उतरवून घेता येते व त्याचे वजन संगणक दाखवितो. या वजनात पत्राचे शीर्ष व इतर जोडभागही येतात, म्हणून ते दर्शनी लिखाणापेक्षा थोडे अधिकच असते. उतरविलेले सबंध पत्र शंभर किलोबाइटांच्या आत असेल, तर काळजीचे कारण नाही. अधिक असेल, तर साचा व लिंका पुन्हा तपासाव्यात.

हे काम गटातील एखाद्या शिकलेल्या मुलास किंवा मुलीस एका दुपारी शिकविता येण्यासारखे आहे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते अवश्य शिकवावे. संस्थेत एक वही ठेवून तीत प्रत्येक पत्राची तारीख, विषय, वजन, गेलेल्या पत्रांची संख्या, आलेल्या मागण्या आणि नाव काढून घेणारे ग्राहक यांची नोंद करावी. दोन हंगामांची वही समोर असली, म्हणजे कोणत्या धर्तीचे पत्र आपल्या ग्राहकास मानवते हे बाहेरच्या कोणा सल्लागारास विचारावे लागत नाही.

हापूसची पहिली पत्रे साधारणतः मार्चमध्ये निघतात. त्यासाठी नवा, हलका साचा फेब्रुवारीतच तयार करून त्याची चाचणी उरकून ठेवावी. बेदाणा व गूळ विकणाऱ्यांनी दिवाळीच्या मागणीसाठी हेच काम भाद्रपदात हाती घ्यावे, कारण कार्यालयांची खरेदी सणाच्या पुष्कळ आधी ठरते.